ताकातले बूट

रेक्सरोड मळा, हॉर्नबीम खोरं
४ ऑक्टोबर १९७६

श्री. लोवेल टिन्सली यांस,

पत्र तुमच्या बुटांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी पाठवलं असतं तर आर्डिथने अक्षर ओळखून न फोडताच केरात टाकलं असतं. मुलगी माझी आहे, मला ठाऊक आहे.

मी ईनॉक रेक्सरोड, तुमचा सासरा. चार वर्षांत आपण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून ओळख करून दिली.

कामाचं बोलतो. गेल्या महिन्यात सफरचंदाच्या झाडावरून पडलो. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. नाताळपर्यंत ओसरीची पायरी उतरायची नाही असं डॉक्टर म्हणतो. रानटर्कीच्या शिकारीचा पानगळीतला हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो. बावन्न वर्षांत माझा एक हंगाम चुकलेला नाही. त्याचं दुःख मी गिळीन, पण टॅन्सीला कोण समजावणार? टॅन्सी म्हणजे माझी कुत्री. टर्कीच्या कुत्रीचं वर्ष सहा आठवड्यांचं असतं, बाकीचे दिवस ती नुसती वाट बघते. पानं पिवळी पडल्यापासून ती रोज सकाळी माझ्या प्लास्टरवर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघते. ती आता दहा वर्षांची आहे. अजून किती हंगाम उरलेत ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

शेजारचा डिलार्ड म्हणतो, "ईनॉक, कुत्री मला देऊन टाक, कायमची." डिलार्ड ओसरीत बसून अंगणात मका फेकतो आणि खायला आलेली टर्की मारतो. याला शिकार म्हणत असतील तर मग मी रोज अंड्यांचीही शिकार करतो. पण कुत्रीला हंगामभर घरात डांबायचं हेही पाप आहे. नात्यात चालताफिरता पुरुष म्हणाल तर तुम्ही एकटेच आहात.

तिला डोंगरावर शिकारीला न्यायला येणार की नाही तेवढं कळवा. आर्डिथला सांगू नका.

ईनॉक रेक्सरोड


रोनोक
७ ऑक्टोबर

रेक्सरोडसाहेब यांस सादर प्रणाम.

तुमचं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड उभा राहून तीन वेळा वाचलं. ओळख करून द्यायची काहीच गरज नव्हती. आमच्या लग्नात, केक कापायच्या ऐन क्षणी, सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही जे बोललात ते मी विसरलेलो नाही. "माझ्या कुत्रीलासुद्धा मी याच्यापेक्षा बरा धनी शोधला असता." आर्डिथ केक न खाता गाडीत जाऊन बसली, ती अजून तुमच्या दारात आलेली नाही. आणि आता त्याच कुत्रीसाठी तुम्ही मला विचारताय. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. साहेब, पाय माझे आहेत, धरा खुशाल.

मी येतो. मात्र एक अट आहे. हे काम माझ्याकडून नीट झालं तर तुम्ही आर्डिथला एक पत्र लिहायचं, आणि त्यात ते वाक्य मागे घ्यायचं. मला टर्की नको, बंदूक नको, शाबासकीही नको. ती गाडीत रेडिओवर तुमच्या बाजूची डोंगरातली गाणी लागली की खिडकीबाहेर बघत बसते, ते मला बघवत नाही.

माझी तयारी अशी. परवाना काढला. दुकानाच्या मालकाची जुनी बंदूक उसनी घेतली. मंगळवारी क्लबवर जाऊन उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरला. पंचवीसपैकी अकरा फोडल्या. टर्कीच्या आवाजांची एक तबकडीही विकत आणली, गाण्यांची असते तशी. तिच्यातला नर टर्कीचा गुबगुबाट मला आता बऱ्यापैकी जमतो. काल मी तो काढला तेव्हा पुढच्या दालनात एका बाईंनी एकाच पायात बूट घालून दुकान सोडलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, शनिवारी, येईन. आर्डिथला सांगितलंय की खाणीच्या गावांतून कामाचे बूट विकायला फिरणार आहे. अजून काय शिकायचं ते लिहा.

आपला,
लोवेल टिन्सली


हॉर्नबीम खोरं
१२ ऑक्टोबर

टिन्सली,

अट मान्य. ती तबकडी ज्या दुकानातून आणली तिथे परत करा. नराचा गुबगुबाट वसंतातला, तेव्हा त्यांची लग्नसराई असते. पानगळीत कोणाला कोणाशी लग्न करायचं नसतं. आता माद्या आणि यंदाची वाढलेली पिल्लं असा कळप हिंडतो. तेव्हा नीट वाचा, मी दोनदा सांगणार नाही.

एक तर अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको. रुमालसुद्धा नाही. टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं, आणि डोंगरात डिलार्डसारखी माणसं असतात.

ओकच्या झाडांखाली उकरलेली पानं दिसली की टॅन्सीला सोडायचं. ती कळप शोधेल आणि भुंकत सरळ त्याच्यात घुसेल. तेव्हा तुम्हीही तिच्यामागे पळायचं. हळू नाही. हात हलवत, घराला आग लागल्यासारखं ओरडत पळायचं. कळप फुटला पाहिजे, प्रत्येक पक्षी वेगळ्या दिशेला उडाला पाहिजे. सगळे एकाच बाजूला उडाले तर सगळं मुसळ केरात.

मग जिथून ते उडाले तिथेच एका झाडाला पाठ लावून बसायचं. टॅन्सीला पोत्यात घालायचं, डोकं तेवढं बाहेर. पोतं ओसरीत खुंटीला आहे. ती पोत्यात शिरली की दगडासारखी गप्प बसते. अर्धा तास थांबायचं. मग ही सोबतची पिपाणी वाजवायची. टर्कीच्या पंखाच्या तीन हाडांची आहे, माझी आहे, हरवू नका. ती फुंकायची नाही. ओठांनी चुंबन घेतल्यासारखी हवा आत ओढायची, म्हणजे चुकलेल्या पिल्लाचा आवाज निघतो. पिल्लं एकमेकांना हाका मारत, जिथून पांगली तिथेच परत जमायला बघतात. त्यांना एकटं राहवत नाही. तुम्ही फक्त गप्प बसायचं आणि मधूनमधून हाक द्यायची.

आणि नवे बूट असतील तर तीन दिवस ताकात भिजवा. नव्या कातड्याची करकर टर्कीला अर्ध्या मैलावरून ऐकू जाते.

ईनॉक


रोनोक
१८ ऑक्टोबर

रेक्सरोडसाहेब,

सूचना पोचल्या. सगळं नीट समजलं. सगळंच समजलं, असं म्हणायला हरकत नाही.

लाल-पांढरं-निळं वर्ज्य, हे वाचून मात्र हसू आलं. यंदा देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. आमच्या दुकानात मोजे, नाड्या, बूट चढवायची शिंगं, सगळं झेंड्याच्या त्याच तीन रंगांत आहे. नेमकं याच वर्षी तुम्हाला हे सुचलं. ठीक आहे. पळायचं, ओरडायचं, कुत्रीला पोत्यात घालायचं आणि हाडाचं चुंबन घ्यायचं. लक्षात ठेवतो.

बुटांचं मात्र तुम्ही लाखातलं सांगितलंत. या धंद्यात अकरा वर्षं काढली, करकर घालवायचा इतका सोपा उपाय मला कोणी सांगितला नव्हता. ताकातल्या आंबटपणाने कातडं मऊ पडत असणार, यात शास्त्र आहे. गोदामात टबात भिजत घातलेत, सबंध चार गॅलन लागलं. मालक वास घेत हिंडतायत आणि गटारवाल्याला बोलवायचं म्हणतायत. आर्डिथने विचारलं, "तुला काय आंबट-आंबट वास येतोय?" मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाच्या पायाला आजार होता.

६ तारखेला पहाटे पोचतो.

आपला,
लोवेल


हॉर्नबीम खोरं
७ नोव्हेंबर, रविवार

टिन्सली,

आज रविवार. आमच्याकडे रविवारी बंदुकीला हात लावत नाहीत, रागावून पत्र लिहायला मात्र बंदी नाही.

काल तुम्ही डोंगरावरून उतरलात, टॅन्सीला खुंटीला बांधलंत, "नमस्कार, उशीर झालाय" म्हणालात आणि गाडी घेऊन निघून गेलात. तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काय दिसलं. माझ्याकडे दुर्बीण आहे. ओसरीतून वरच्या कुरणाचा काठ तळहातासारखा दिसतो. वीस टर्की होत्या, वीस. मी स्वतः मोजल्या. आणि तुम्ही? चर्चच्या दानपेटीत हात घालायला निघाल्यासारखे चवड्यांवर, एक-एक पाऊल टाकत चाललात. ना पळणं, ना ओरडणं. सगळा कळप रांगेत, शिस्तीत, माना हलवत रान ओलांडून गेला. जाताना शेवटच्या मादीने मागे वळून बघितलं. बावन्न वर्षांत कुठल्या टर्कीने माझ्या कुरणात इतका अपमान केलेला नाही.

पोतं तुम्ही बसायला अंथरलंत. पिपाणीचा आवाज एकदाही आला नाही.

आणि टॅन्सी. जी कुत्री अर्धं कुरण एका दमात पार करते, ती तुमच्या पायांशी घोटाळत होती. खाली मान घालून. मला वाटलं आजारी आहे. रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली.

हे सगळं डिलार्डने त्याच्या कुंपणावरून बघितलं. तो आजच आला होता. म्हणाला, "ईनॉक, आता तरी दे." मी म्हटलं, पुढच्या सोमवारी ने. १५ तारखेला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला दुसऱ्यांदा जमणार नाही.

पिपाणी टपालाने परत करा.

ईनॉक रेक्सरोड


रोनोक
९ नोव्हेंबर

रेक्सरोडसाहेब,

आता मीही स्पष्टच बोलतो.

मी अकरा वर्षांचा असताना चर्चच्या शिबिरात मोठ्या मुलांनी माझ्या हातात एक पोतं दिलं. म्हणाले, रानात एक दुर्मिळ पक्षी असतो, पोत्याचं तोंड उघडं धरून उभा राहा आणि तोंडाने चक्-चक् असा आवाज काढ, आम्ही पलीकडून हाका घालतो, तो आपोआप पोत्यात येईल. मी उभा राहिलो. जेवणाची घंटा झाली तरी उभाच होतो. सगळे आत बसून मक्याची भाकरी खात होते आणि मी बाहेर चक्-चक् करत होतो. या देशात नव्या माणसाला असंच मूर्ख बनवतात, तुम्हालाही ठाऊक आहे. त्यानंतर कोणी मला रान, पोतं आणि आवाज हे तीन शब्द एका वाक्यात सांगितले की मी सावध होतो.

आणि तुम्ही काय लिहिलंत? शिकारीला जा आणि सावज दिसलं की बोंबलत पळ. कुत्रीला पोत्यात भर. हाडाला ओठ लावून चुंबन घे. साहेब, मी बूट विकतो, अक्कल विकलेली नाही. डिलार्ड कुंपणावर आणि तुम्ही दुर्बीण घेऊन ओसरीत, म्हणजे तमाशाला दोन तिकिटं आधीच गेलेली होती. तेव्हा मी ठरवलं, जसं कुठलाही शहाणा शिकारी करेल तसं करायचं. गुपचूप जायचं.

टॅन्सीला मी काही केलेलं नाही. तीच माझे बूट चाटत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आधी डावा मग उजवा. एकदा तर नाडी चावून ओढली. मी तिला "जा, टर्की शोध" म्हटलं तर तिने माझ्याकडे बघून मिशा चाटल्या.

शेवटचं. हे लिहायला आर्डिथने मला सक्त मनाई केली आहे, पण तुम्ही तिला कधी लिहिणारच नाही असं दिसतंय, म्हणून सांगतो. जानेवारीत तुम्ही आजोबा होणार आहात. मी टर्कीसाठी आलो नव्हतो. त्या बाळाला आईच्या बाजूचं कोणीतरी असावं म्हणून आलो होतो.

कुत्री द्यायची असेल तर द्या डिलार्डला. पिपाणी सोबत पाठवतो.

लोवेल टिन्सली


हॉर्नबीम खोरं
१० नोव्हेंबर

लोवेल,

टपालवाला दारात आला आहे, मी त्याला कॉफी देऊन बसवलंय आणि तो घड्याळ बघतोय, म्हणून भराभर लिहितो.

पळायचं, ते खरं आहे. ओरडायचं, तेही खरं. पोतं खरं, पिपाणी खरी, चुंबन खरं, तीन रंगांचंही खरं. माझ्या बापाने मला शिकवलं, त्याच्या बापाने त्याला. एका अक्षराची थट्टा नाही.

ताक खोटं होतं.

बुटांच्या दुकानदाराला बुटांच्या बाबतीत फसवता येतं का, एवढंच मला बघायचं होतं. वाटलं, दुकानात अर्धा पेला ताक सांडेल, चार जण हसतील, माझा चार वर्षांचा राग थोडा निवेल. तू चार गॅलन ओतलंस. टॅन्सीला लहानपणापासून ताक-भाकरीवर वाढवलंय. दहा वर्षांच्या कुत्रीपुढे ताकात मुरलेलं कातडं चालत नेलं तर ती टर्की कशाला शोधेल? माझ्या कुत्रीचा दिवस मीच नासवला. आत्ताच तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण माफ केलंय असं वाटत नाही.

सगळं खरं ते तू खोटं मानलंस आणि एक खोटं ते वेदवाक्य समजून पाळलंस. तुझ्यासारखा जावई शोधून मिळणार नाही. हे मी कौतुकाने म्हणतोय की नाही ते मलाच अजून नक्की ठरवता येत नाही.

शनिवारी ये. माझे जुने बूट घाल, ओसरीत ठेवतो. डिलार्डला सांगतो, सोमवारपर्यंत कुंपणाच्या पलीकडेच थांब. पिपाणी याच पाकिटात परत पाठवतोय.

जानेवारीत नक्की कधी? तिचं खाणं नीट आहे ना? तिची आई आर्डिथच्या वेळी नुसतं लोणचं खायची, तिला ते देऊ नकोस. की द्यावं? मला काही कळत नाही. टपालवाला उठला.

ईनॉक


हॉर्नबीम खोरं
१४ नोव्हेंबर, रविवार

चि. आर्डिथ हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र केरात टाकायच्या आधी एक पान वाच. नंतर टाकलंस तरी चालेल.

तुझा नवरा खाणीच्या गावांत बूट विकत नव्हता. गेले दोन शनिवार तो माझ्या डोंगरावर होता, टॅन्सीला घेऊन. दोष त्याचा नाही, मीच बोलावलं आणि तुला सांगू नकोस असंही मीच सांगितलं. तो आंबट वास कसला होता ते त्याला विचार. त्यात काही खोटं बोलला तर ते मीच शिकवलेलं असेल.

काल काय झालं ते सांगतो. सकाळी साडेसातला टॅन्सीने वरच्या कुरणात नऊ पक्ष्यांचा कळप उठवला. एक मादी आणि आठ पिल्लं. तुझा नवरा माझे जुने बूट घालून तिच्यामागे पळाला. बूट दोन नंबर मोठे, म्हणून प्रत्येक पावलाला टाळी वाजत होती. आणि ओरडत होता. मी लिहिलं होतं, घराला आग लागल्यासारखं ओरड. त्याला आग सुचली नसावी. तो दोन्ही हात वर करून ओरडत होता, "अर्ध्या किमतीत, अर्ध्या किमतीत, फक्त आज." अर्ध्या मैलावर मला शब्द न शब्द ऐकू आला. आर्डिथ, बावन्न वर्षांत कळप इतका सुरेख फुटलेला मी पाहिला नाही. नऊ पक्षी नऊ दिशांना उडाले. कुंपणावर डिलार्डच्या हातातला कॉफीचा पेला पडला.

मग तो बसला. टॅन्सी आपणहून पोत्यात शिरली. दुर्बिणीतून तिचं तोंड दिसत होतं. वर्षभरात तिला एवढी सुखी पाहिली नव्हती, आणि मला रडू आलं. पाय दुखतोय म्हणून असेल.

अर्ध्या तासाने त्याने पिपाणी वाजवली. देवाशपथ सांगतो, न तेल घातलेल्या फाटकासारखा आवाज. चुकलेलं पिल्लू असं ओरडलं तर आई परत येणार नाही, उलट सुटकेचा श्वास सोडेल. मी पाच वेळा ऐकलं. मग मला राहवलं नाही. माझ्याकडे जुनी दुसरी पिपाणी होती. फक्त त्याला सूर कळावा म्हणून ओसरीत बसून मी तीनच वेळा हाक दिली. तीनच.

वीस मिनिटांत माझं अंगण भरलं. मादी आली, तिच्यामागून एकेक करत सात पिल्लं आली. कुजबुजत, एकमेकांना ढुश्या देत, कोण कुठे होतं ते विचारत असल्यासारखी. एक सरपणाच्या ढिगावर चढून माझ्याकडे बघत बसलं. माझी बंदूक आतल्या कपाटात, कुबडी पायरीखाली घसरलेली, पाय प्लास्टरमध्ये. मी श्वास रोखून बसलो आणि ती आठजणं माझ्यासमोर पाऊण तास पानं उकरत राहिली. आणि खरं सांगू, बंदूक हातात असती तरी उचलली नसती. घर तुझी आई गेल्यापासून इतकं भरलेलं नव्हतं.

राहिलं एक पिल्लू. त्याला माझी हाक पटली नाही. ते तुझ्या नवऱ्याच्या त्या फाटकाच्या आवाजाकडे गेलं. त्याने एका नेमात पाडलं, सहा पौंड भरलं. टॅन्सीला पोत्यातून काढून आधी तिला दाखवलं, मगच उचललं. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. तो खाली आला आणि अंगणातली पिसं बघून म्हणाला, "मामंजी, सगळी तुमच्याकडे आली वाटतं." मी म्हटलं, नऊपैकी आठ आली. तो म्हणाला, "मग तुम्हाला हाक मारता येते की. मी चार वर्षं आर्डिथला सांगतोय, म्हातारा एक दिवस बोलावेल. माझ्या हाकेने ती तुमच्याकडे यायची नाही. तुम्हीच बोलवा."

तेव्हा बोलावतो. आठ माझ्याकडे आली आणि एक त्याच्याकडे गेलं. मला मात्र मुलगी एकच होती, ती त्याच्या हाकेला गेली म्हणून मी जळलो, आणि लग्नात ते बोललो. (ते पिल्लू मेलं, तेव्हा ही तुलना बरोबर बसत नाही. सोडून दे.) मी जे बोललो ते चुकीचं होतं. माझ्या कुत्रीला मला याच्यापेक्षा बरा धनी सापडत नाही, आणि माझ्या मुलीलाही सापडला नसता. सोमवारी डिलार्ड आला तर त्याला हेच सांगणार आहे.

२५ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, दोघं जेवायला या. टर्की टांगून ठेवली आहे. गाडी लोवेललाच चालवू दे आणि सावकाश चालवायला सांग. गिरणीच्या वळणावर खड्डे आहेत, हादरे बसतात, गाडीला नव्हे, तुला. म्हणजे कोणालाही बसतात. मधे थांबून पाय मोकळे करा. लोणचं लागलं तर घरात सहा बरण्या आहेत. तुझी जुनी खोली झाडून घेतली आहे, जिना चढायला नको म्हणून पलंग खाली आणवला, कारण माझ्याच्याने चढवत नाही.

माळ्यावरचा तुझा पाळणा डिलार्डकडून खाली काढून घेतला. सरपण ठेवायला. त्याला चार हात पॉलिश केलं आहे, कुसळ राहायला नको. आत तुझ्या आईची गोधडी घातली आहे. थंडीत सरपण ओलं होतं.

तुझा,
बाबा


रोनोक
१७ नोव्हेंबर

बाबा,

पत्र केरात टाकलं नाही. आधी टाकलं होतं, मग काढलं.

लोवेलने सगळं कबूल केलं. ताकापासून सुरुवात केली. मी तासभर हसले आणि मग अर्धा तास रडले, हल्ली माझ्याकडून दोन्ही एकदम होतं. ते बूट मी अंगणात टाकले होते, शेजाऱ्यांचा कुत्रा घेऊन गेला.

लग्नातलं तुमचं वाक्य मी चार वर्षं रोज मनात म्हणत होते, इतकं की त्याचा अर्थच उरला नव्हता, नुसतं दुखायचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि आज सकाळी उठले तर ते वाक्य नीट आठवेना. बरं वाटलं.

आम्ही आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळीच येतो. टर्की सहा पौंडांची आणि माणसं साडेतीन आहेत, तेव्हा मी एक कोंबडीही आणते. मला सगळं चालतं, लोणचं सोडून. त्याचा वाससुद्धा सहन होत नाही, बरण्या लपवून ठेवा.

तुम्हाला थट्टा जमते बाबा, खोटं बोलणं अजिबात जमत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, डॉक्टर म्हणतात. लोवेलशी मी अजून त्यावर बोललेले नाही, तो घाबरून रोज भांडी घासतोय, घासू दे.

पाळण्यात सरपण ठेवू नका.

तुमची,
आर्डिथ